शेडमधली लाल आरएस : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. सावदा.

तुरीच्या तुऱ्हाट्यांच्या गंजीआड एक लाल गाडी उभी आहे, हे दोन वर्षं ऐकत होतो. आज पाहिली. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, नोव्हेंबर २००५ ची, जळगाव पासिंग, एकच मालक. केळीचं पॅकिंग चालतं त्या शेडच्या मागच्या पत्र्याखाली, चारही टायर बसलेले, अंगावर कापडी कव्हर. कव्हर ओढायला गेलो तर छतावर चिकटलेलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली काय भट्टी होते ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. कव्हरच्या आतली लव रंगावर बसलीय, हात फिरवला की पीच फळासारखं लागतं.

मीटर डिजिटल. बॅटरी जोडल्याशिवाय आकडा दिसत नाही, म्हणून दुकानातली बॅटरी बरोबर नेली होती. चावी फिरवली, लाल अक्षरं उजळली : १९,४१२.

गाडीचे मालक काका म्हणाले, "पोरगा २०१६ ला कॅनडाला गेला. तेव्हापासून हिला कोणी हात लावला नाही. नवीच आहे बघ. साडेचार द्या."

साडेचार लाख. मी चहा प्यायलो, विचार करून सांगतो म्हणालो आणि भुसावळपर्यंत गाडीबद्दल एक शब्द बोललो नाही. घरी हिने चेहरा पाहूनच विचारलं, "किती?"

१३ जानेवारी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. ही गाडी आपल्याकडे २००४ मध्ये आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सिलिंडरला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, पाच गिअर. युरोपातली आरएस १८० ची होती, आपल्याला १५० ची मिळाली. तेव्हा आपल्या रस्त्यांवर १०० अश्वशक्तीची गाडी म्हणजे पळणारी गाडी, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही. जोडणी शेंद्रा एमआयडीसीत, म्हणजे कन्नड घाट चढला की पलीकडे.

दुपारी दुकानात हिशोब मांडला. १९ वर्षांत १९,४१२ म्हणजे वर्षाला हजार, महिन्याला ८५. आणि हे ८५ सुद्धा कसे? काकांच्याच तोंडून : सावदा स्टेशन, बँक, फैजपूर, क्वचित जळगाव. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन गरम व्हायच्या आत बंद.

माझा धंदा सबमर्सिबल मोटरी भरण्याचा. रोज आठ तास चालणारी मोटर माझ्याकडे येते ती बेअरिंग बदलून परत जाते. दोन हंगाम विहिरीत बंद पडून राहिलेली येते तेव्हा बुश जाम, शाफ्टला गंज, वायंडिंग ओलं. शेतकरी मात्र हटकून म्हणतो, "चाललीच नाही हो, नवी आहे." हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. काल तेच वाक्य ऐकून मला आनंद का झाला, कळत नाही.

१९ जानेवारी, रविवार.

आप्पांना घेऊन गेलो. आप्पा मूळचे अमळनेरचे. जळगावला अजिंठा चौफुलीजवळ त्यांचं गॅरेज आहे. जर्मन घराण्यातल्या (फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा) गाड्यांवर हात बसलेला. बोनेट उघडायच्या आधी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरपाशी उकिडवे बसले. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवर ३१०५. डिकीतल्या स्टेपनीवर ३००५. तिला रस्त्याची माती लागलेलीच नव्हती, रबरी काटे जसेच्या तसे.

म्हणजे मीटर खरं. क्लचच्या पॅडलचं रबर कोपऱ्यावर झिजलेलं नाही, ड्रायव्हर सीटची बाहेरची उशी दबलेली नाही, स्टिअरिंगचं चामडं चकाकत नाही. सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का २०११ चा, १५,११२ किलोमीटरला. पाच साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत. मीटर मागे फिरवणाऱ्याला हे सगळं जुळवणं परवडत नाही.

गंमत अशी की मीटर खरं असल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे हे १९ वर्षांचे टायर, आणि तेच आधी फेकावे लागणार. नक्षी पूर्ण शिल्लक, पण दोन नक्ष्यांच्या मधल्या फटीत नख घातलं तर तडे. यावर ताशी १०० नं जायचं म्हणजे स्वतःच्या तेराव्याचं आमंत्रण स्वतः वाटायचं.

मी विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदलला?" काका हसले. "१९ हजाराला कोण पट्टा बदलतो?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. परतताना तापीच्या पुलावर अहिराणीत एवढंच बोलले, "भाऊ, गाडी पयीसन नही मरस, उभी ऱ्हाईसन मरस." पळून मरत नाही, उभी राहून मरते.

२६ जानेवारी.

आप्पांच्या आग्रहावरून नाशिकला जाऊन दुसरी आरएस चालवून आलो. काळी, ८७,००० किलोमीटर, भाव सव्वाचार लाख. मालक वेडा माणूस. दर वर्षी ऑईल, २०२१ ला टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप, २०२३ ला टायर, पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेनुसार लावलेल्या. आरसी २०३० पर्यंत नूतनीकरण झालेली. चावी घेऊन बसलो, चालवली, द्वारका चौकापासून पुढे दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला तेव्हा पाठ सीटला टेकली.

दोष : सीट फाटलेली, पुढच्या बंपरला रंग मारलेला, तिसरा गिअर थोडा कुरकुरतो.

आप्पांचा निकाल स्पष्ट. ही घे. इथे तुला काय मिळतंय ते आज दिसतंय, तिथे काय मिळतंय ते चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑईलचं भांडं, उघडल्यावर कळेल.

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे "माहीत नव्हतं" असं म्हणता येणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.

सावद्याचीच घेतली.

कारण लिहिणं भाग आहे. २००६ मध्ये मी बावीस वर्षांचा होतो, फैजपूरला आयटीआयची ट्रेड संपवून एका दुकानात हेल्परी करत होतो. ही गाडी तिथून जायची. हीच. बस.

भाव मात्र डोकं ठिकाणावर ठेवून केला. काकांसमोर किलोमीटर हा शब्दच काढला नाही, तारखा काढल्या. पट्टा २००५ चा, टायर २००५ चे, ब्रेक ऑईल २०११ चं, आरसी नोव्हेंबर २०२० ला संपलेली. वहीत प्रत्येकासमोर खर्च लिहून वही त्यांच्यापुढे सरकवली. काका बागायतदार माणूस, पिकाची पट्टी वाचणाऱ्याला आकडे समजावावे लागत नाहीत. शिवाय ते शेड पाडून नवं पॅकहाऊस बांधायचंय. दोन लाख साठ हजारांवर सुटलं. त्यातले साठ हजार मी रोखून ठेवले, आरसीचं नूतनीकरण झाल्यावर द्यायचे. मुदत संपलेल्या आरसीवर नाव बदलत नाही, आधी नूतनीकरण आणि मग हस्तांतरण. त्यासाठी विकणाऱ्याची सही आणि माणूस दोन्ही हाताशी लागतं. सगळे पैसे मोजून झाल्यावर माणूस फोन उचलतोच असं नाही. (काका उचलतील. पण तरी.)

९ फेब्रुवारी.

टोचन करून न्यायचा विचार आप्पांनी मोडून काढला. मागची चाकं जाम आहेत, ओढली तर फरपटतील. सपाट गाडीवर चढवून जळगावला आणली, ६,५०० रुपये. चढवताना मागची उजवी डिस्क सुटताना 'टक्' असा आवाज आला तो सावदा बसस्टँडपर्यंत गेला असेल.

१५ फेब्रुवारी.

मला वाटलं होतं बॅटरी लावायची आणि सेल्फ मारायचा. आप्पांनी चावीच काढून स्वतःच्या खिशात टाकली.

कारण असं : नऊ वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर उरलेला नसतो. कोरड्या भिंतीवर रिंगा घासल्या तर पहिल्या दहा फेऱ्यांत ओरखडे पडतात, आणि तेच इंजिन पुढे तेल खातं. म्हणून चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं तेल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. दरम्यान टाकी रिकामी केली. पेट्रोल निघालं ते चहाच्या रंगाचं, वास जुन्या रंगाच्या डब्याचा. तळाशी पाण्याचा वेगळा थर. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि पुरेशी ओल झाली की पाण्यासकट खाली बसतं. टाकीतल्या पंपाची जाळी त्या थरातच बुडालेली. पंप गेला.

१७ फेब्रुवारी.

क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून आप्पांनी हाताने इंजिन फिरवलं. पहिली पाव फेरी जड, मग गुळगुळीत. दोन पूर्ण फेऱ्या. कुठे अडकलं नाही. आज झोप लागेल.

२३ फेब्रुवारी, रविवार. चेंबर.

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

ऑईल काढायला नट सोडला तर आधी काहीच आलं नाही. मग एक काळा दोरा लोंबला, गुळाच्या पाकासारखा, आणि तुटेचना. अर्ध्या तासात दीड लिटर निघालं. बाकीचं कुठे गेलं? आप्पांनी चेंबरचे बोल्ट सोडले, रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोकत चेंबर खाली घेतलं आणि मला बोलावलं. "दख भाऊ, हाई काय शे?"

चेंबरच्या तळाशी दोन बोटं जाडीचा काळा थर. हलव्याची वाटी उलटी धरली तरी पडत नाही, तसा. बोट घातलं तर खूण राहिली. वर तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी असते, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. तिची अर्ध्याहून अधिक भोकं बुजलेली. मी उदबत्तीची काडी घेऊन एकेक भोक टोचत बसलो. चौदा मोजली आणि मोजणं सोडलं.

हे का झालं ते आप्पांनी तिथेच बसून सांगितलं. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जळतं, त्याची वाफ आणि पाणी ऑईलमध्ये उतरतं. गाडी अर्धा तास पळाली तर ऑईल तापतं आणि ते पाणी उडून जातं. ही सावदा स्टेशनपर्यंत जायची आणि बंद व्हायची. पाणी, पेट्रोल, काजळी, सगळं ऑईलमध्येच मुरत राहिलं. आणि "किलोमीटर झाले नाहीत" म्हणून पाच-पाच वर्षं ऑईल बदललं नाही. मग नऊ वर्षं पत्र्याखाली शिजलं.

चेंबर न उघडता, पेट्रोलचा नवा पंप आणि ताजं पेट्रोल टाकून सेल्फ मारला असता तर? इंजिन सुरू झालं असतं. व्हिडिओ काढला असता, मित्रांना पाठवला असता. आणि त्या बुजलेल्या जाळीतून टर्बोला तेल पोचलं नसतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्या फिरतो, तेलाच्या थरावर तरंगत. तेल नाही तर मिनिटांचा खेळ.

नाशिकच्या काळ्या गाडीचा मालक दर वर्षी ऑईल बदलायचा. दिवसभर तोच डोळ्यांसमोर येत होता.

८ मार्च.

पार्ट येताहेत. चांगली बातमी अशी की हे इंजिन त्या जर्मन घराण्याच्या कितीतरी गाड्यांत बसलेलं आहे आणि गाडीचा सांगाडा साध्या डिझेल ऑक्टाव्हियासारखाच, त्यामुळे बुश, माउंटिंग, ब्रेकचं सामान भंगारापासून नव्यापर्यंत सगळीकडे मिळतं. अडतं ते फक्त आरएसच्या खास वस्तूंवर : बंपर, सीटचं कापड, चाकांच्या टोप्या. तिथे आपली गाडी श्रीमंत, कारण तिचं सगळं शाबूत आहे. न चाललेल्या गाडीचा खरा फायदा कुठे असेल तर इथे. रबर, तेल, पट्टा पैसे टाकले की नवे मिळतात. उन्हात न तडकलेला डॅशबोर्ड आणि न फाटलेली सीट पैसे टाकूनही मिळत नाही.

एका विक्रेत्याने पट्ट्याचा ताण धरणारा टेन्शनर दुसऱ्याच इंजिनाचा पाठवला. परत केला, तीन आठवडे गेले.

१६ मार्च.

टायमिंग बेल्टचं काम. या इंजिनात पट्टा एक कॅमशाफ्ट फिरवतो आणि त्या कॅमवरून छोटी साखळी दुसरा. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर. पट्टा तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडतात आणि मग हेड उघडण्याशिवाय पर्याय नाही.

जुना पट्टा हातात घेतला. वरून धडधाकट दिसतो. उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी केसाएवढ्या चिरा, एकापुढे एक, पूर्ण लांबीभर. काकांना दाखवायला पिशवीत ठेवलाय.

पंपाचं पातं प्लास्टिकचं होतं, काही जुन्या पंपांना असायचं. ते शाफ्टवर सैल. नवा धातूच्या पात्याचा टाकला. रेडिएटरमध्ये गुलाबी कूलंट हवं होतं, निघालं तांबडं पाणी, आणि नळ्यांच्या तोंडाला पांढरा खर. ड्रायव्हर बोअरचं पाणी टाकायचा. आमच्या भागातलं बोअरचं पाणी मोटरीच्या पंख्यांना काय करतं ते मी रोज पाहतो. चार वेळा धुतलं तेव्हा स्वच्छ पाणी आलं.

पट्टा, पंप, थर्मोस्टॅट मिळून ३१,०००.

३० मार्च, गुढीपाडवा.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आधी मोजलं : १०.५, १०.८, १०.२, १०.६ बार. चारही जवळजवळ. आप्पा पहिल्यांदा हसले.

पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून नुसता सेल्फ मारला, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. पाच सेकंदांचे सहा तुकडे. मग फ्यूज लावला. "मार आते."

दुसऱ्या झटक्याला पकडलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, मग उंदराचं घरटं : कापूस, मक्याचे दाणे, एक अख्खा शेंगदाणा. गॅरेजमधली पोरं नाचली. आप्पांनी कान लावून ऐकलं आणि फक्त म्हणाले, "चालू व्हयनी." मग दहा मिनिटांनी बंद करायला लावलं, ऑईल काढलं, नवं भरलं. पहिल्या तेलात राहिलेला मळ सुटून येतो.

एप्रिल. एकत्रच लिहितो.

ब्रेक : चारही डिस्क नव्या, मागचे दोन्ही कॅलिपर बदलले, रबरी नळ्या नव्या. ३८,५००. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. पॅडल लाकडी ठोकळ्याने रात्रभर दाबून ठेवलं, सकाळी गरम इंजिनावर आवारातच दोन झटके दिले, सुटली. हे एक फुकटात झालं. टायर २०५/५५ आर १६, चार नगांचे ३४,०००. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं आणि २००५ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. टाकी, पंप, नळ्या मिळून २२,०००. बुश आणि माउंटिंग २१,०००. रबर दिसायला ठीक होतं, जॅकवर घेऊन पहार लावली तेव्हा वाळक्या केळीच्या सोपटासारखं फाटलं.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया).

घरी पुरणपोळी आणि आमरस, बहिणी माहेरी आलेल्या, आणि मी दुपारी गाडीत बसून छताचं कापड ओढतोय. छताच्या आतल्या कापडामागे फोमचा पातळ थर असतो, उष्णतेने त्याची भुकटी होते. कापड मध्ये पोट सुटल्यासारखं लोंबत होतं. ओढलं तर तांबूस पीठ डोक्यावर, डोळ्यांत, नाकात. घरी गेलो तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "दादा, हळद लागली का रे?" पुढे दोन दिवस शिंकताना तेच निघत होतं.

एसी : कॉम्प्रेसरचं सील सुकून गॅस कधीच गेला होता. एसी महिन्यातून दहा मिनिटं चालवला तरी सीलला तेल लागतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. १६,८००. आज बाहेर ४४ अंश आणि आत गार. इंजिनचा पंखा वेळेवर सुरू होतो, काटा मधोमध. जळगावच्या उन्हाळ्यात जो काटा हलत नाही, तो पुढे हलणार नाही.

२२ मे. पासिंग.

विमा आधी, मग पीयूसी, मग गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवायला न्यावी लागते. मुदत संपलेली, म्हणून पुन्हा सपाट गाडीवर चढवून नेली. रस्त्यावर चालवायची हौस होती, पण आप्पांनी डोळे वटारले. पंधरा वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० आहे, ते पाच वर्षांसाठी. त्यावर पर्यावरण कर, आणि उशिराचे महिन्याला ५०० रुपये. हा शेवटचा आकडाच सगळ्यांत मोठा. शेडमध्ये उभ्या गाडीचं मीटर थांबतं, हे मीटर थांबत नाही. घेणाऱ्याने भाव करायच्या आधी आरसीवरची तारीख पाहून महिने मोजावेत.

निरीक्षकांनी चॅसिस नंबर तपासला, दिवे, हॉर्न, हँडब्रेक पाहिले. मग विचारलं, "मीटर खरं आहे?" हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवला नाही.

१८ जून.

नाव बदललं. काकांना उरलेले साठ हजार पोचवले, बरोबर जुना पट्टा. त्यांनी तो बोटांत वाकवून पाहिला, बराच वेळ. मग मला केळीची एक फणी दिली.

नवी नंबरप्लेटही लागली, १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्तीची आहे ती. ७४५ अधिक जीएसटी. विमा, कर, दंड, सगळं सरकारी मिळून ४७,०००.

जुलै.

मागची डावी काच, डाव्या आरशाची मोटर, एक कॉईल. उंदराने दाराच्या बिजागरीजवळ तीन वायरी कुरतडलेल्या. वायरिंग म्हणजे माझंच काम, तरी पाच रविवार गेले. एक गोष्ट राहिलीच : चावी एकच आहे. इमोबिलायझर असल्याने साधी नक्कल चालत नाही, चावीतली चिप गाडीला ओळखावी लागते. ही हरवली तर गाडी म्हणजे लाल शोपीस.

३ ऑगस्ट.

कानबाईचा सण. कामाला सुट्टी. रोट खाल्ले.

७ सप्टेंबर, रविवार.

पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, कन्नड घाट. पहाटे पाचला निघालो, आप्पा शेजारी. जड वाहनांना बंदी आल्यापासून घाट मोकळा असतो.

पाऊस नुकताच थांबलेला, डांबर काळंभोर. दुसरा गिअर, २,००० च्या पुढे काटा गेला की टर्बो भरतो. झटका नाही. मागून कोणी तळहात लावून ढकलावं तसं. वळणावर मागचं चाक जमिनीला धरून. आप्पा वरचं हँडल पकडून बसलेले, घाट संपेपर्यंत अहिराणीत काहीतरी पुटपुटत होते. स्तोत्र होतं की शिव्या ते विचारलं नाही. वर पोचल्यावर ऑईल तपासलं : पातळी जागेवर, रंग बरा. खाली उतरताना ब्रेकचा वास नाही.

बरोबर या सकाळीसाठी गाडी घेतली होती, आणि ही सकाळ नाशिकच्या काळ्या गाडीने फेब्रुवारीतच दिली असती.

मीटर १९,९०२.

२८ सप्टेंबर.

हिशोब पुरा झाला. गाडी २,६०,०००. काम, सामान, मजुरी, सरकार मिळून ३,०३,०००. एकूण ५,६३,०००. नाशिकची सव्वाचारला होती आणि सीट शिवून, गिअरचं काम करून पाच लाखांच्या आत आली असती. त्रेसष्ट हजार आणि सात महिने जास्त लागले. हिला सांगितलं. ती म्हणाली, "मी कधी विचारलं?" ते जास्त लागलं.

कोणी मला विचारलं की अशी उभी गाडी घेऊ का, तर मी नाशिकचा पत्ता देईन. घ्यायचीच असेल तर भाव चालणाऱ्या गाडीपेक्षा निम्मा हवा, हातात तेवढेच पैसे पुन्हा शिल्लक हवेत, आणि आप्पांसारखा चावी काढून घेणारा माणूस हवा. कमी किलोमीटरचे जास्त पैसे तर अजिबात देऊ नयेत. ते पैसे ज्या गोष्टीचे असतात ती गोष्ट तुम्ही गाडी चालवायला लागलात की रोज थोडी थोडी संपते. न चालवावी तर पुन्हा चेंबरात हलवा.

एक वाचलं : ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० केलंय. ही नोव्हेंबरात विशीची होईल.

२ ऑक्टोबर, दसरा.

गाडीला झेंडूची माळ. दुपारी पुण्याहून एका संग्राहकाचा फोन. कोणाकडून तरी नंबर मिळाला. फोटो मागितले, पाठवले. मग : "मीटर वीस हजारांच्या आत आहे ना? पावणेसात लाख देतो. पण आता चालवू नका, झाकून ठेवा, मी दिवाळीनंतर येतो."

मीटर १९,९६१.

ही म्हणाली, देऊन टाका, फायदा होतोय. आप्पांना फोन केला. ते म्हणाले रविवारी जेवायला या, घरी मांडे करणार आहेत. अमळनेरला.

५ ऑक्टोबर, रविवार.

गेलो. वीस हजारांचा आकडा बदलताना पाहायचा असं ठरवलं होतं, पोराला मोबाईल घेऊन पुढे बसवलं होतं. धरणगावच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली, मग गतिरोधक, मग पोराने ओरडून सांगितलं की २०,००३ झाले. मांडे खापरावरून उतरत होते ते उभ्यानेच तीन खाल्ले.

१२ ऑक्टोबर.

पुण्याचा पुन्हा फोन. खरं ते सांगितलं : २०,११७. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग सहा." दीडशे किलोमीटरचे पाऊण लाख. या मधल्या दहा दिवसांत मी क्लचचं ऑईल बदललं, मागच्या काचेचं काम पुरं केलं आणि दुसऱ्या चावीचा पत्ता लावला, ते त्यांनी विचारलं नाही.

विचार करून सांगतो म्हणालो.

दुसऱ्या चावीसाठी गाडी घेऊन गुरुवारी नाशिकला जायचंय. ऑईल पुढचं २०,९०० ला किंवा मार्चमध्ये, जे आधी येईल ते.